सनदी पेढी आणि मर्यादित जबाबदारी

ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गावरील चलथाणसारख्या गावी, जेथे साखर कारखान्याच्या आणि कापडउद्योगाच्या आश्रयाने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत, तेथील लहान कारखानदार आपले दफ्तर सनदी लेखापालाच्या स्वाधीन करतो, तेव्हा तो पेढीच्या पाटीवर नव्हे, एका माणसाच्या सचोटीवर विसंबत असतो. 1932 च्या भागीदारी कायद्यान्वये पेढीच्या देण्यापायी प्रत्येक भागीदाराचे राहते घरही जप्त होऊ शके, मग कसूर सहकाऱ्याची का असेना. हा जाच 2008 च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने दूर केला, आणि ते उचितच झाले. त्याच्या 28 व्या कलमाने सहकाऱ्याच्या चुकीपासून भागीदारास अभय दिले, पण स्वतःच्या गैरकृत्याची जबाबदारी त्याच्याच माथी ठेवली. कपट सिद्ध झाल्यास 30 व्या कलमाने ही मर्यादाच लोपते.

मला खटकते ते निराळेच. या कायद्यात किमान भांडवलाची अट नाही, व्यवसायविम्याची सक्तीही नाही. म्हणजे चूक करणारा निर्धन आणि पेढीची तिजोरी रिकामी असेल, तर ज्याचे नुकसान झाले त्या अशिलाने हुकूमनामा मिळवूनही वसुली कोणाकडून करावी? सहकाऱ्यांची घरे सुरक्षित राखणाऱ्या शासनाने, त्या सुरक्षिततेच्या मोबदल्यात, पेढीच्या कामाच्या व्याप्तीनुसार विमा सक्तीचा करावा आणि त्याची रक्कम पेढीच्या दारावर, अशिलाला वाचता येईल अशा भाषेत, लावण्याचा नियम करावा.