मेकओव्हर? आधी काटे बघा!

जुनी पिकअप रिस्टोअर करायचा किडा सध्या बऱ्याच जणांना चावलाय. मोबाईलवर अमेरिकेतली चकाचक शेव्हर्ले बघायची आणि मग आठवतं, अरे, गावी शेडमध्ये आपलीही एक उभी आहे! लोधिवलीच्या माझ्या एका मित्राचं अस्संच झालं. घरामागे वडिलांची टाटामोबाईल, एमएच-०६ नंबरची, पोल्ट्रीची अंडी वाहून दमलेली. टेल्कोने १९८८ मध्ये आणलेली ही २०६ म्हणजे आपली क्लासिक पिकअपच. (कायद्याने नाही हं! २०२१ च्या केंद्रीय नियमांत विंटेज म्हणजे पन्नाशी पार केलेली गाडी. अगदी पहिल्या टाटामोबाईललाही २०३८ पर्यंत थांबावं लागणार.)

साहेबांचा प्लॅन सॉल्लिड होता. डॅशवरचं तडकलेलं पॅड काढून टॅन रंगाचं नवं टाकायचं आणि मीटरच्या जागी निळ्या दिव्यांचा डिजिटल सेट.

पॅडला माझी हरकत नाही. व्हिनाईल उन्हात वर्षानुवर्षं तापतं, त्याला मऊ ठेवणारा तेलकट अंश उडून जातो आणि मग ते पापडासारखं तडकतं. (समोरच्या काचेवर आतून चिकट थर धरतो ना, त्यात हाच अंश असतो.) तयार पॅड मिळालं नाही, तर चांगला सीटकव्हरवाला गाठा. पॅड सुटं काढून, भुसभुशीत फोम खरवडून, भेगा भरून मग वर रेक्झिन. सोल्युशन उष्णता सोसणारंच हवं, नाहीतर मे महिन्यात कडा उचलल्याच समजा.

मीटरचं मात्र तसं नाही, बॉस. लोधिवलीहून जुन्या हायवेने पुण्याकडे निघालात की खोपोलीनंतर बोरघाट सुरू. लोड घेऊन खालच्या गिअरमध्ये चढताना सगळ्यात महत्त्वाचा काटा टेम्परेचरचा. इंजिनात बसवलेल्या सेंडरचा रेझिस्टन्स तापमानाप्रमाणे बदलतो आणि मीटर त्यावरून काटा हलवतो. म्हणजे दोघांची जोडी जमलेली पाहिजे. दुसऱ्याच गाडीचं मीटर जोडलंत तर काटा हलेल, अगदी छान हलेल, पण खोटं बोलेल. पाणी उकळतंय आणि काटा आरामात मधोमध! हेड गॅस्केट गेली की त्या बिलापुढे पॅडचा खर्च चिल्लर वाटतो. त्यामुळे मीटर आणि सेंडर जोडीनेच घ्या. फिट करण्याआधी मेकॅनिकला सेंडर गरम पाण्यात धरून काटा तपासायला सांगा. सिएरा आणि इस्टेट याच घराण्यातल्या, त्यामुळे भंगारात त्यांचे पार्ट शोधायला हरकत नाही. पण फोटोवर जाऊ नका, जुना पीस हातात घेऊन जा.

आणि मुळात मीटर बदलायची गरज आहे का? सगळे काटे एकदम नाचत असतील तर बहुतेक वेळा मागची अर्थची वायर गंजलेली किंवा ढिली असते. आपल्याकडचा पाऊस बघता यात नवल ते काय! स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल तर आधी केबल बघा; कोरडी पडली असेल किंवा कुठे मुडपली असेल. उघडताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, प्रत्येक वायरला टेप लावून नाव लिहा, फोटो काढा. जुनं प्लॅस्टिक ओढलं की तुटतं, हेअर ड्रायरने जरा गरम केलं की ऐकतं.

मित्राच्या वडिलांचा विरोध वेगळ्याच कारणासाठी होता. मीटर पाच आकडी, त्यावर एकसष्ट हजार आणि काही. ‘एकदा फिरलाय तो,’ ते म्हणाले. म्हणजे खरे एक लाख एकसष्ट हजार! डिजिटल सेटवर हे सगळं शून्य होणार होतं. किलोमीटर मीटरचे नसतात हो, गाडीचे असतात. स्पीडोमीटर बदलावाच लागला तर जुना आकडा, तारीख आणि बिल गाडीच्या कागदांत ठेवा, विकताना दाखवा. आकडा मागे फिरवून गाडी खपवणारे काय कमी आहेत?

नव्या मीटरचं गणित गाडीच्या गिअरशी आणि टायरशी जुळलं नाही तर साठला पन्नास दाखवेल. सोपा फंडा सांगते. पहाटे रिकाम्या रस्त्यावर काटा साठवर स्थिर ठेवा. शेजारी बसलेल्याने एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्यापर्यंत घड्याळ लावायचं. साठ सेकंद लागले तर मीटर बरोबर. पन्नासच लागले तर तुम्ही प्रत्यक्षात बहात्तरने जाताय.