तळघरातली खटपट : नानांची तारीख



गेल्या अंकात आम्ही प्रिंटरच्या शाईचे रडगाणे गायले, त्यावर चार घरांतून फोन आले. तिघांनी सहानुभूती व्यक्त केली. चौथ्यांनी आपला बंद पडलेला प्रिंटरच आमच्या दारात आणून ठेवला. आमची सौ. म्हणाली, "अहो, लोकांच्या बेसमेंटमध्ये टेबल टेनिस असतं. आपल्याकडे धर्मशाळा आहे. आलेला पाहुणा जातच नाही!"

यंदा मात्र तिने मनावर घेतले. निमित्त झाले विंडोज १० चे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची नेहमीची देखभाल संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. आमचे दोन संगणक त्या परीक्षेत नापास झाले. चांगले धडधाकट, पण सक्तीची निवृत्ती! त्यांना घेऊन खाली गेलो तर तिथे आधीचे पाच निवृत्त बसलेले. न्यू जर्सीत २०११ पासून संगणक, मॉनिटर, टीव्ही घरच्या कचऱ्यात टाकायला बंदी आहे, हे कारण आम्ही इतकी वर्षे पुढे करत होतो. या वेळी सौ.ने काउंटीतर्फे असे सामान जमा करतात तो शनिवार कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवला आणि आमचे कारण संपले.

संगणक देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्यावी, असे आम्ही सर्वांना नेहमी सांगतो. फाइल पुसली तरी ती बहुधा डिस्कवर तशीच असते, फक्त यादीतून तिचे नाव जाते. तुमचे टॅक्सचे कागद कोणाच्या हाती जायला नकोत. तेव्हा आम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. कन्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत कॉलेजातून घरी आली होती, ती टॉर्च धरायला.

एका डब्याच्या मागे लाल स्विच होता, ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेला. "बाबा, हे काय?" तिने विचारले. जिन्यावरून सौ.चा आवाज आला, "सांगा, सांगा तिला!"

सांगितले. २००३ साली आम्ही आपला जुना संगणक नानांसाठी, म्हणजे आमच्या वडिलांसाठी, पुण्याला नेला होता. विमानात ब्लँकेटमध्ये गुंडाळून, लहान मूल न्यावे तसा. घरी सगळी मंडळी जमली. आम्ही थाटात प्लग लावला, बटण दाबले आणि फट् करून असा आवाज झाला की शेजारच्या काकू पोळपाट घेऊन धावत आल्या. अमेरिकेतल्या ११५ व्होल्टवर ठेवलेला स्विच आम्ही २३० वर सरकवायला विसरलो होतो. उलट चूक झाली, म्हणजे स्विच २३० वर आणि घरात ११५, तर संगणक नुसता चालू होत नाही, एवढेच. आमची चूक खर्चाची होती. नाना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर तपकीर गल्लीत आले आणि नवा पॉवर सप्लाय घेऊन दिला. येताना म्हणाले, "चला, बाजार तरी कळला."

पुढे नाना त्याच संगणकावर मराठी टायपिंग शिकले. दोन बोटांनी. पत्र टाइप करायचे आणि ई-मेलला जोडून आम्हाला पाठवायचे.

इथे वाचकांपाशी एक कबुली द्यायची आहे. ती पत्रे आम्ही वाचली नव्हती.

झाले असे, की आमच्या इथल्या नव्या संगणकात नानांचा फॉन्ट नव्हता. पत्र उघडले की सगळी इंग्रजी अक्षरे, मध्येच कंस, मध्येच डॉलरची चिन्हे. रविवारी फोनवर नानांनी विचारले, "पत्र आलं का?" म्हटले, "आलं." "वाचलंस?" आता काय सांगायचे? फॉन्ट घालायला दहा मिनिटे लागली असती, पण ऑफिसची धावपळ, मूल लहान. म्हटले, "वाचलं नाना, छान लिहिलंय." एकदा असे म्हटल्यावर दुसऱ्या पत्राच्या वेळी 'फॉन्टच नाही' हे कसे सांगणार? तशी चौदा पत्रे आली. आम्ही ती 'नाना' नावाच्या फोल्डरमध्ये नीट ठेवली आणि आज ना उद्या वाचू म्हटले. २००८ साली नाना गेले.

त्या संगणकाची डिस्क आता हातात होती.

२००३ ची डिस्क म्हणजे जुन्या आयडीई जातीची, मागे चाळीस पिनांची रांग आणि रुंद पट्टीसारखी वायर. आजच्या संगणकात ती लावायला जागाच नसते. त्यासाठी यूएसबीचा अॅडॉप्टर मिळतो. मात्र तो घेताना वेगळा पॉवर सप्लाय बरोबर आहे ना, हे पाहा. या मोठ्या डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि साध्या यूएसबीतून ५ च मिळतात. आम्ही जोडणी केली. डिस्क फिरली आणि टिक, टिक, टिक करू लागली. या धंद्यात पडलेल्यांना तो आवाज ठाऊक आहे. आत डोके वाचायला जाते, त्याला काही सापडत नाही, ते परत येते.

अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय पूर्वी लोक छातीठोक सांगत, तोही करू नये; बाहेर काढली की आत दव धरते. आम्ही लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम लावला. त्याची रीत शहाण्या विद्यार्थ्यासारखी आहे. आधी सोपे प्रश्न सोडवून घ्यायचे, अवघड जागा वहीत टिपून ठेवायच्या आणि मग एकेकीकडे परत यायचे. दोन रात्री डिस्क कुरकुरत होती. बेसमेंटमध्ये आम्ही आरामखुर्ची टाकून झोपलो. सौ. एकदाही बोलली नाही, उलट मध्यरात्री शाल आणून दिली. तिसऱ्या सकाळी प्रत तयार झाली. काही फोटो गेले, 'नाना' फोल्डर मात्र शाबूत होते.

आता प्रश्न उरला फॉन्टचा. नव्या पिढीला हे सांगावे लागते, म्हणून थोडे विस्ताराने. पूर्वीचे मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होते. संगणकाला वाटे आपण इंग्रजी अक्षर साठवतो आहोत, फॉन्ट त्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवी. मुखवटा काढला की खाली इंग्रजी. त्यातही दहा कंपन्यांच्या दहा तऱ्हा. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ज्ञ'. युनिकोड १९९१ साली आले आणि त्यात देवनागरीला १२८ घरांची स्वतःची आळी मिळाली. विंडोजमध्ये ती सोय विंडोज २००० पासून झाली. त्यातला 'मंगल' फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. पण घरोघरी जुनेच फॉन्ट पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. नानांकडेही तोच प्रकार.

एक बरे असते. फॉन्ट नसला तरी फाइलमध्ये त्याचे नाव लिहिलेले असते आणि ते वर्डच्या वरच्या पट्टीत दिसते. ते नाव वाचले आणि ओळखीचे वाटले. आपल्या या अंकासाठीही एके काळी तोच वापरीत! लगेच आपल्या माजी संपादक काकूंना फोन केला. त्या बुटांचे खोके घेऊन आल्या. आत फ्लॉप्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात 'दिवाळी', 'संक्रांत', 'सभासद यादी'. सोनीसारख्या कंपनीनेही २०११ साली फ्लॉपीची विक्री थांबवली, पण यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह आमच्या धर्मशाळेत होता. तिसऱ्या फ्लॉपीवर फॉन्ट सापडला. विंडोज ११ ने तो मुकाट्याने घेतला आणि पडद्यावर मराठी उमटली.

पत्रे लावायची कशी, हाही प्रश्न होता. वर्डने नोंदवलेल्या तारखा पाहिल्या तर सुरुवातीच्या ठीक होत्या, पण शेवटच्या पाच पत्रांवर एकच, १ जानेवारी २०००. त्या दिवशी तर हा संगणक नानांकडे गेलाही नव्हता! नशिबाने नाना पत्राच्या डोक्यावर तारीख आणि तिथी लिहीत, तिच्यावरून क्रम लावला. या पाचांतले पहिले पत्र २००६ च्या श्रावणातले. कन्या आपल्या मंडळाच्या मराठी वर्गात शिकली आहे. तिने अडखळत, पण मोठ्याने वाचले :

"चिरंजीवास अनेक आशीर्वाद. हल्ली संगणक सकाळी चालू केला की तारीख १ जानेवारी २००० दाखवतो. मी रोज कालनिर्णय पाहून ती सुधारत असे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुझी आई म्हणते, रोज सहा वर्षांनी तरुण होताय, तक्रार कसली? माझ्या हातून कुठले बटण दाबले गेले का, ते कळव. फोनवर विचारणार होतो, पण फोनवर तू घाईत असतोस, म्हणून लिहितो. तूर्त तारीख सुधारणे सोडून दिले आहे. पत्रावर मी लिहीन ती खरी."

वाचकहो, त्यांच्या हातून काही झाले नव्हते. संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो आणि संगणक आपल्या मूळच्या तारखेला जातो. हातघड्याळ दुरुस्त करणाऱ्या कोणाहीकडे तो मिळाला असता. आम्ही इथे अर्ध्या मंडळाचे संगणक फुकट दुरुस्त करत हिंडत होतो. वडिलांनी एकच शंका विचारली होती, ती दोन वर्षे आमच्या संगणकात बंद होती आणि दर रविवारी आम्ही म्हणत होतो, "छान लिहिलंय."

कन्या म्हणाली, "बाबा, पुढचं वाचू?" म्हटले, वाच. चौदाही वाचून झाली.

आता ती युनिकोडमध्ये आणायचे काम चालू आहे. अक्षरामागून अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलट. प्रोग्रामने केलेले शब्द कन्या एकेक तपासते आहे. तिचे मराठी त्यात सुधारते आहे, हा वरचा नफा.

आपल्या आया दरवर्षी उन्हाळ्यात डाळी, मसाले, पापड उन्हात घालीत. डब्यात नीट ठेवले म्हणजे टिकले, असे त्या कधी मानत नसत. डिस्कमधल्या ठेव्याचेही तसेच. दोन-चार वर्षांनी बाहेर काढावे, उघडते का पाहावे, नव्या साधनावर घालावे. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी. आणि जे खरोखर मोलाचे असेल ते कागदावर छापा. हा आपला झेरॉक्स अंक वाचायला अजून कोणालाही फॉन्ट घालावा लागलेला नाही!

संक्रांतीच्या कार्यक्रमाला आम्ही आयडीईचा अॅडॉप्टर, फ्लॉपी ड्राइव्ह आणि सीआर २०३२ ची एक पट्टी घेऊन येऊ. ज्यांच्या बेसमेंटमध्ये जुन्या डिस्क, फ्लॉप्या असतील त्यांनी आणाव्यात. तिळगूळ खात खात काय निघते ते पाहू. काकूंच्या खोक्यातल्या मंडळाच्या जुन्या अंकांच्या प्रतीही करून घ्यायच्या आहेत, त्यासाठी दोन मदतनीस हवेत. आणि घरचे कोणी वडीलधारे संगणकाची काही शंका विचारत असतील, तर ती आजच ऐकून घ्या, घाई न करता.

ता. क. शनिवारी पाच डबे काउंटीला दिले. प्रिंटर आणून ठेवणाऱ्यांनी आपला प्रिंटर घेऊन जावा, ही सौ.ची नम्र विनंती.