चिरूट साहेबाचा नाही, ऋषींचाही नाही

#धागा

पौष लागला की दरवर्षी एक चित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. तुरीच्या शेताचा बांध, अंगावर शाल, दोन बोटांत जाडजूड चिरूट आणि समोर धुके. खाली ओळ असते, ‘अस्सल साहेबी थाट’. मग उत्तरादाखल दुसरा पक्ष सरसावतो. थाट साहेबाचा कसला, आमच्या ऋषींचा! धूमपान चरकसंहितेत आहे, वत्सगुल्माच्या वाकाटकांनाही ते ठाऊक असणारच, इंग्रजाने ते आपल्याकडूनच उचलले.

वत्सगुल्म हे आपल्या वाशिमचे जुने नाव. ते निघाले की वाशिमकराचा ऊर भरून येतो, माझाही येतो. तरीही सांगणे भाग आहे की या भांडणात दोन्ही पक्ष चूक आहेत, आणि दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. आवडत्या गोष्टीला थोर बाप शोधून दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

आधी त्या सुखाविषयी, कारण ते खोटे नाही. मी काही वर्षे ओढत होतो. पुढे सोडले, ती कथा येथे नको. वऱ्हाडातल्या थंडीत पहाटे वारा पडलेला असतो. तोंडातून निघालेला धूर उन्हाळ्यासारखा पसार होत नाही, चेहऱ्यासमोर रेंगाळतो. त्यातला बराचसा तर धूर नसतोच, आपल्याच श्वासाची वाफ असते. सुख निम्मे हवेचे, श्रेय सारे चिरुटाला! शिवाय आपल्याकडची कोरडी थंडी चिरुटाला मानवत नाही. त्याचे वरचे पान दमट हवेत मऊ राहते. कोरड्या हवेत तडकते आणि उलगडू लागते. चित्रातला तो थाट वाशिमच्या माळावर दोन दिवसांत साल सोडतो.

आता ऋषींचा पक्ष. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, धूमपान खरोखरच आहे. औषधी वनस्पती वाटून तो लेप बोरूच्या काडीवर चढवायचा, वाळल्यावर काडी काढून घ्यायची. वर्ती आठ अंगुळे लांब, अंगठ्याएवढी जाड आणि जवाच्या दाण्याच्या आकाराची, म्हणजे मध्ये फुगीर व टोकांना निमुळती. तूप लावून ती नळीतून ओढायची. वाचताना चिरूटच डोळ्यांपुढे उभा राहतो, हे मी मान्य करतो. पण आकार म्हणजे वंश नव्हे. त्या वर्तीत तंबाखू नाही आणि असू शकतही नाही. स्नानानंतर, भोजनानंतर, शिंकेनंतर असे तिचे आठ काळ ठरवून दिलेले आहेत, आणि अतिरेक केल्यास काय भोगावे लागते तेही तेथेच सांगितले आहे. तो वैद्याने बेतून दिलेला उपचार आहे. त्याच्या आधारे स्वतःच्या शौकाला वेदकालीन ठरवणाऱ्याने निदान तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

आणि वाकाटक? दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली वाशिमलाच सापडला. वत्सगुल्माची ही शाखा इतिहासाला नीट उमगली ती त्या पत्र्यांमुळे. वाकाटकांच्या दानपत्रांत करमाफीची लांबलचक यादी असते. फुले, दूध, चारा, कातडी, कोळसा, मीठ, मद्याचे किण्व. ज्यावर राजाचा हक्क पोहोचे ते ते सारे. कोळसा आहे, मद्य आहे, तंबाखू नाही. कारण ती वनस्पती त्या वेळी महासागरापलीकडे होती.

१४९२च्या नोव्हेंबरात कोलंबसाची माणसे क्यूबात उतरली, तेव्हा तेथील रहिवासी पानांची गुंडाळी पेटवून धूर ओढताना त्यांना दिसले. युरोपीय माणसाने चिरूट पाहिला तो तेव्हा. पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून तंबाखू आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागली आणि दख्खनमार्गे उत्तरेस गेली.

या प्रवासाचा एक साक्षीदार फार बहारीचा आहे. असद बेग हा अकबराचा अधिकारी. विजापूरच्या दरबारी वकिली करून तो १६०४-०५च्या सुमारास परतला. बादशहासाठी आणलेल्या नजराण्यात त्याने तंबाखूचा सरंजाम चांदीच्या तबकात मांडला होता. तीन हात लांब रंगवलेली नळी, तिची दोन्ही टोके रत्ने आणि मिन्याने मढवलेली, ओठांशी येमेनी अकीक, विस्तवासाठी सोन्याचे भांडे. वृद्ध अकबराने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला. आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही आणि फिरंग्यांचे अनुकरण परीक्षेवाचून करू नये, असा त्याचा आक्षेप होता. त्यावर असद बेगाने वाद घातला तो असा, की जगातली प्रत्येक चाल कधी ना कधी नवीनच होती.

मित्रहो, हा प्रसंग नीट पाहा. ज्या माणसाच्या डोळ्यांसमोर तंबाखू दरबारात शिरली, त्याने तिला प्राचीन ठरवण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही. ती नवी आहे हेच त्याने तिचे समर्थन म्हणून मांडले. आणि आपण चारशे वर्षांनंतर तिच्यासाठी ऋषी शोधतो आहोत!

वऱ्हाडापुरता पुरावा हवा असेल तर ‘ऐन-ए-अकबरी’ उघडा. वऱ्हाड १५९६ साली अहमदनगरकडून मोगलांकडे गेला आणि त्यानंतर लवकरच पूर्ण झालेल्या या ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून वाशिमची नोंद आहे. पिकांची आणि त्यांच्या साऱ्याची एवढी बारकाईने मोजदाद करणाऱ्या अबुल फजलाच्या पीकयादीत तंबाखू नाही. आणि १६१७ साली जहांगीर तंबाखूबंदीचा हुकूम काढतो. वीस वर्षांच्या आत एक वस्तू नोंदीत नसण्यापासून बंदी घालण्याइतकी फोफावते. बंदी कोणी मानली नाही, हे सांगायला नकोच.

आता साहेबाचा पक्ष. त्यांच्यासाठी एक शब्द पुरे आहे, आणि तो शब्द ‘चिरूट’ हाच. तमिळमध्ये ‘चुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. त्यावरून पोर्तुगीजांचा ‘शारुतो’ झाला आणि इंग्रजांचा ‘शरूट’. साहेब जो ओढत असे तो बहुधा तिरुचिरापल्ली किंवा दिंडीगलकडचा असे, तमिळ कारागिरांनी वळलेला. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स राख पाहून मारेकऱ्याचा चिरूट त्रिचनापल्लीचा म्हणून ओळखतो. इतका तो माल लंडनच्या वाचकाच्या परिचयाचा होता. १८५३च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आला आणि पुढे वाशिम हे जिल्ह्याचे ठाणे झाले (तो जिल्हा १९०५ साली मोडला आणि १९९८ साली पुन्हा निर्माण झाला). डेऱ्यापुढे खुर्ची टाकून थंडीत चिरूट ओढणारा साहेब आपल्या चित्रात असतो, वळणारा नसतो. ज्याला आपण विलायती थाट म्हणतो त्याचे नाव तमिळ, हात तमिळ आणि पान अमेरिकेतून आलेले. विलायती होती ती फक्त खुर्ची.

साहेबाच्या डेऱ्यापासून दूर, गावातल्या शेकोटीपाशी चिलीम होती. तिच्याविषयीचा गोड गैरसमज मला सर्वांत अधिक खुपतो. शेकोटीभोवती सारा गाव एक, चिलीम या हातातून त्या हातात, भेदभाव नाही, असे लिहिणारे पुष्कळ आहेत. चिलीम फिरे हे खरे. पण ती कोणाच्या ओठांना लागायची हे जात ठरवीत असे. उत्तरेत बहिष्काराला ‘हुक्कापाणी बंद’ म्हणतात, तो उगाच नव्हे. पाण्याच्या पंक्तीतच धुराचीही पंक्त होती. विस्तव एकाच शेकोटीतला घेतला तरी चिलमी वेगळ्या.

विस्तवाचीही एक गोष्ट आहे. आगपेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी चकमक झाडावी लागे, नाही तर शेजारून निखारा मागून आणावा लागे. शेगावच्या गजानन महाराजांच्या चिलमीसाठी जानकीराम सोनाराने अक्षय्य तृतीयेच्या दिवशी विस्तव नाकारल्याची कथा वऱ्हाडात लहान मूलही सांगेल. पुढचा चमत्कार हा श्रद्धेचा विषय, त्यात मी शिरत नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने कथेतला साधा तपशील टिपावा. महाराज शेगावी प्रकटले ते १८७८ साली; त्या काळाविषयीच्या कथेत चिलमीचा विस्तव मागून आणायची वस्तू आहे, आणि तो सणाच्या दिवशी घराबाहेर देऊ नये असा संकेत आहे.

मग विडी आली. ‘विडा’ या शब्दाचीच ही लेक. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू, वर दोऱ्याची गाठ. ती ज्याची त्याची. माझे एक अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच घ्या. विडी झपाट्याने पसरली त्यामागे तिची स्वस्ताई जशी आहे तशी ही सोयही असावी, की ओठाला ओठ न लागता ती कोणालाही देता येते. चिलमीने जे चारचौघांत अवघड केले होते, ते विडीने सोपे केले. मात्र तिचे पान आच धरून ठेवत नाही. चिरूट हातात धरला तरी धुमसत राहतो, विडी ओढायची थांबलात की विझते.

आणि हे पान कोठून येते? पौषातल्या सुखाचे पान वैशाखात तोडले जाते. उन्हाळ्यात, पहाटे अंधारात रानात शिरायचे, ऊन चढण्यापूर्वी पाने खुडायची, घरी येऊन जुड्या बांधायच्या, फडीवर नेऊन मोजून द्यायच्या. १९६९च्या कायद्याने महाराष्ट्रात या पानांचा व्यापार सरकारच्या हाती गेला, पण उन्हात वाकणारी पाठ तीच राहिली. वळणारे हात बहुतांशी बायकांचे, घरच्या ओसरीवर, मांडीवर सूप घेऊन, हजारी दराने. १९६६ साली संसदेने या कामगारांसाठी कायदा केला. त्याच्या नावातच विडी आणि सिगार शेजारी बसले आहेत. शेताच्या बांधावरच्या त्या चित्रात दोघांमध्ये आकाशपाताळाचे अंतर आहे. कायद्याच्या लेखी वळणारा हात एकच.

एक आक्षेप नेहमी येतो, म्हणून आधीच उत्तर देतो. ‘थंडीत धुराने ऊब येते, आमचे आजोबा म्हणत.’ आजोबा शेकोटीपाशी बसले होते, ऊब तिची होती. निकोटिनने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटे आणखी गार पडतात. विडी पानाची म्हणून सौम्य, हीही निव्वळ समजूत आहे; तोंडाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाला पानातला फरक कळत नाही.

ज्यांना माझे म्हणणे खोडायचे आहे त्यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा एक मराठी, संस्कृत वा फार्सी उल्लेख दाखवावा, ज्यात तंबाखू निःसंशय तंबाखूच आहे. चरकातला धूम पुन्हा पाठवू नये. आणि वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, मालेगाव, जेथे कोठे कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांची चंची, चकमक किंवा जुनी रोजकीर्द असेल, त्यांनी तिची छायाचित्रे या धाग्याखाली टाकावीत. रोजकीर्दीत तंबाखूचा खर्च कोणत्या महिन्यात किती मांडला आहे, तेवढे पान आधी उघडा. हिवाळ्यात तो खरोखर वाढत होता का, हे मला पाहायचे आहे.