रिसीव्हर निवडावा तो मागच्या बाजूने

भिंतीवर मोठा टीव्ही आला की थोड्याच दिवसांत त्याचा आवाज बारीक वाटू लागतो. मग घरात होम थिएटरची भाषा सुरू होते, आणि त्या भाषेचा पहिला बळी म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर. तो गेला की त्याच्यामागून रेकॉर्ड-प्लेअर जातो. आणि रेकॉर्ड-प्लेअर गेल्यावर आजोबांनी जमवलेल्या तबकड्यांना घरात काय काम उरते? दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या आपल्या जुन्या घरांतून हा क्रम मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. भंगारवाल्याच्या हातगाडीवर वजनाने गेलेला ठेवा पुन्हा परत येत नसतो.

ज्या शहरात 1886 साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, ज्या दरबारच्या कलावंत कारखान्यात गुणीजनांची नावे नोंदली गेली आणि जेथे 1950 साली फैयाझ खाँसाहेबांनी देह ठेवला, त्या शहरातल्या मराठी माणसाला गाणे ऐकण्याचे महत्त्व मी काय सांगावे? परंतु हे ऐकणे टिकवायचे असेल, तर टीव्ही पाहणारी नातवंडे आणि तबकडी ऐकणारे आजोबा यांची एकाच स्पीकरच्या जोडीवर सोय लागली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती सोय माफक खर्चात लागते. त्यासाठी जुना अ‍ॅम्प्लिफायर फेकू नये; एक साधा होम थिएटर रिसीव्हर घ्यावा आणि त्याच्याकडून फक्त प्रीअ‍ॅम्पचे काम करून घ्यावे.

प्रीअ‍ॅम्प म्हणजे काय, हे संस्थानी रीतीने सांगतो. प्रीअ‍ॅम्प म्हणजे दिवाणजी आणि पॉवर अ‍ॅम्प म्हणजे पहिलवान. दरवाजाशी आलेल्यांपैकी कोणाला आत घ्यायचे, टीव्हीला, रेकॉर्ड-प्लेअरला की मोबाईलला, आणि त्याने किती मोठ्याने बोलायचे, हे दिवाणजी ठरवतात. ओझे उचलण्याचे, म्हणजे स्पीकर हलवण्याचे काम पहिलवानाचे. रिसीव्हरच्या पेटीत हे दोघेही असतात. पण स्वस्त पेटीतला पहिलवान बहुधा किरकोळ प्रकृतीचा असतो, आणि आपल्या घरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर धडधाकट असला तर तो कितीतरी अधिक कसाचा असतो. मग नव्या पेटीतले दिवाणजी तेवढे कामाला लावावेत आणि पहिलवान आपला घरचाच ठेवावा, हे शहाणपणाचे नव्हे काय?

एकदा हे पटले की दुकानात काय पाहायचे, याची सगळी दृष्टीच बदलते. विक्रेता वॅटचे आकडे सांगतो. ते आकडे बहुधा एक-दोन चॅनेल चालू ठेवून मोजलेले असतात. सर्व चॅनेल एकदम चालले की ते खाली येतात. आपल्याला त्या आकड्यांशी कर्तव्यच नाही. सात चॅनेल, नऊ चॅनेल यांच्याशीही नाही. आपण पेटी फिरवायला सांगावी आणि मागची बाजू पाहावी. तेथे ‘प्री-आउट’ असे लिहिलेली, डाव्या-उजव्या पुढच्या स्पीकरसाठीची दोन सॉकेटे आहेत का? असली तर पुढे बोलावे. नसली तर नमस्कार करून निघावे.

येथे फसगत होण्याचा संभव असतो, म्हणून दोन गोष्टी खुलाशाने सांगतो. अगदी स्वस्त रिसीव्हरवर ‘प्री-आउट’ हे शब्द बहुधा असतात, पण ते एकट्या सबवूफरपुरते. त्यातून फक्त खालचे सूर बाहेर पडतात. त्यावर गाणे ऐकता येत नाही. काही पेट्यांवर ‘झोन टू’ म्हणून दुसऱ्या खोलीसाठी वेगळी सॉकेटे असतात. कमी किमतीच्या आणि जुन्या पेट्यांत त्यातून टीव्हीकडून आलेला डिजिटल आवाज पुष्कळदा जातच नाही. तेव्हा ‘फ्रंट’ हा शब्द वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आणि स्पीकरच्या वायरी लावायच्या जागेतून ओढून जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्याचा उद्योग कोणी सुचवला, तर त्याला हात जोडावेत. त्यात दोन्ही यंत्रे जळण्याची भीती आहे.

आपला जुना अ‍ॅम्प्लिफायर केवळ पॉवर अ‍ॅम्प नसून आवाजाचे बटण असलेला पूर्ण संच असला, तरी अडत नाही. त्याच्या पाठीवर ‘मेन इन’ असल्यास उत्तमच. नसल्यास प्री-आउटची वायर ‘ऑक्स’मध्ये लावावी, जुन्या बटणावर एक खूण करून ते तेथेच ठेवावे आणि पुढे आवाज रिसीव्हरवरूनच कमीजास्त करावा. सुरू करताना आधी रिसीव्हर, मग अ‍ॅम्प्लिफायर; बंद करताना याच्या उलट. म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही. दोन्ही यंत्रांना वीज एकाच बोर्डवरून द्यावी. त्यामुळे घूं घूं असा गुणगुणाट होण्याचा संभव कमी होतो.

आता तबकड्यांविषयी. रेकॉर्ड-प्लेअरच्या नेहमीच्या सुईतून सुमारे 5 मिलिव्होल्ट एवढाच प्रवाहाचा दाब निघतो, सी.डी. प्लेअरमधून 2 व्होल्टपर्यंत, म्हणजे त्याच्या चारशेपट. म्हणून तबकडीला ‘फोनो’ हे स्वतंत्र सॉकेट लागते. ते रिसीव्हरवर असले तर पैसे वाचले; नसले तर छोटी फोनो-पेटी वेगळी घ्यावी लागेल, तिचा खर्च आधीच धरावा. लाखेच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे की, एल.पी.ची बारीक सुई त्यांना चालत नाही. जाड सुई घ्यावी लागते. शिवाय त्या काळी प्रत्येक कंपनीची मुद्रणाची रीत निराळी असे. आजच्या फोनो-पेट्या ज्या मापावर चालतात ते 1950 नंतरच्या दशकात रूढ झाले. त्यामुळे जुन्या तबकडीचा आवाज थोडा कमी-जास्त वाटला तर रिसीव्हरवरची खर्ज-तीव्रतेची बटणे फिरवून तो जुळवून घ्यावा.

या ठिकाणी आमच्यातले काही जुने रसिक हरकत घेतील. ते म्हणतील, हे रिसीव्हर तबकडीच्या आवाजाचेही आधी आकड्यांत रूपांतर करतात आणि मग पुन्हा आवाज बनवतात. त्यात सुराचा जीव राहतो काय? हरकत अगदीच पोकळ नाही. पुष्कळशा पेट्या असे करतात खऱ्या. काहींत ‘डायरेक्ट’ नावाची सोय असते, ती लावली की हे सोपस्कार टळू शकतात. मात्र त्याबरोबर वरची बटणेही निकामी होतात. परंतु मी विचारतो, तीन-साडेतीन मिनिटांच्या लाखेच्या तबकडीवर जी खरखर मुळातच आहे, तिच्यापुढे या रूपांतराची हानी ती किती? उलट त्या रूपांतरामुळेच एक मोठा लाभ पदरात पडतो. पेटीबरोबर मिळणारा मायक्रोफोन बसण्याच्या जागी ठेवला की यंत्र खोलीचा घुमारा मोजते आणि त्याप्रमाणे आवाज सुधारून देते. आपले जुने दिवाणखाने उंच छताचे, फरशीचे आणि उघड्या भिंतींचे. तेथे खर्जातले गाणे घुमून अस्पष्ट होते. खाँसाहेबांसारखा भारदस्त, खालच्या पट्टीतला आवाज अशा खोलीत स्वच्छ ऐकू येणे, हे शुद्धतेच्या वादापेक्षा मला मोलाचे वाटते. ज्यांना टीव्ही जोडायचाच नाही त्यांनी मात्र साधा स्टिरिओ प्रीअ‍ॅम्प घ्यावा. त्यांच्यासाठी हा खटाटोप नाही.

बजेटचे म्हणाल तर खरी काटकसर जुन्या मालात आहे. चांगल्या प्रतीचा, प्री-आउट असलेला रिसीव्हर काही वर्षांत जुना ठरतो तो चित्रामुळे. नव्या टीव्हीचे चित्र त्यातून नीट जात नाही, म्हणून. पण चित्र त्यातून न्यायचेच कशाला? चित्र टीव्हीत राहू द्यावे आणि आवाज तेवढा ‘एच.डी.एम.आय. ए.आर.सी.’मधून, नाहीतर ऑप्टिकल वायरीतून रिसीव्हरकडे आणावा. ए.आर.सी. ही सोय 2009 पासूनची आहे. तेव्हा त्यानंतरची मधल्या दर्जाची वापरलेली पेटी आजच्या नव्या, स्वस्त, बिनप्री-आउटच्या पेटीपेक्षा आपल्या कामाला अधिक उपयोगी पडते. परदेशातून आलेली पेटी असल्यास पाठीवर 220 ते 240 व्होल्ट लिहिले आहे ना, हे पाहावे; अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या पेट्या आपल्या विजेवर जळतात. घरी जोडल्यावर ‘मधला स्पीकर नाही’ असे यंत्राला सांगण्यास विसरू नये. म्हणजे नाटक-सिनेमातली संभाषणे डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतात, आणि कमी ऐकू येणाऱ्या मंडळींचा ‘काय म्हणाला तो?’ हा प्रश्न बराच कमी होतो.

शेवटची परीक्षा कानाची. दुकानदार धडाडधूम सिनेमा लावून दाखवतो. आपण तंबोऱ्याची जोड लावायला सांगावी. आवाज वाढवून गाणे थांबवावे. स्पीकरमधून ‘स्स’ असा फुत्कार ऐकू आला तर ते दिवाणजी बोलके आहेत. त्यांना घरी आणू नये. चांगला दिवाणजी स्वतः गप्प राहतो आणि आलेल्याला बोलू देतो.

ज्यांनी आपल्याला हे गाणे दिले, त्यांचे आवाज आपल्या कपाटात पडून आहेत. ते पुन्हा घरात घुमावेत आणि त्याच स्पीकरवर मुलांचा सिनेमाही वाजावा, याला राजवैभव लागत नाही. पेटीची मागची बाजू वाचण्याची सवड तेवढी हवी.