परवाना, पेला आणि प्रकृती

महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याला हसू आल्यावाचून राहणार नाही. हमरस्त्यावर मद्याच्या दुकानांच्या पाट्या झळकत असताना कसली दारूबंदी, असे तो विचारील. तथापि वस्तुस्थिती तशीच आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा रद्द झालेला नाही. नाव तेवढे बदलले आहे आणि परवान्याची एक खिडकी त्याला कालांतराने मोठी होत गेली आहे. कायद्याच्या भाषेत आजही मद्य पिणाऱ्याजवळ परवाना हवा. सौम्य बियरसाठी वयाची एकवीस वर्षे आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण हवीत. या परवान्याचे मूळ प्रयोजन तर मोठे मासलेवाईक आहे. प्रकृतीचे रक्षण व संवर्धन व्हावे म्हणून तो द्यावयाचा असतो!

प्रकृतीच्या नावाने दिला जाणारा हा परवाना प्रकृतीविषयी आज जे ज्ञात आहे त्याच्या कसोटीवर उतरतो काय? उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ सालीच टाकण्यात आले. मुख, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्त्रियांचे स्तन एवढ्या अवयवांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. तंबाखूची जोड मिळाली म्हणजे तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि आपल्याकडे ही जोडी किती सार्वत्रिक आहे हे सांगावयास नको. ‘थोडीशी औषधासारखी’ ही समजूतही आता टिकण्याजोगी राहिलेली नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येणार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

पोटात गेलेल्या मद्याचे पुढे काय होते? त्याचा फार मोठा भाग यकृताला निस्तरावा लागतो. यकृत त्याचे प्रथम अॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि मग निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करते. हे काम ते आपल्या ठराविक गतीनेच करते. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या बाबतीत ताशी सहा-सात ग्रॅम, एवढीच त्याची झेप. लिंबू, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी पिणारा जागा होईल, पण त्याचे रक्त शुद्ध होणार नाही. रोजच हा भार पडू लागला की यकृतात चरबी साठते. या टप्प्यावर पिणे थांबविले तर ते बहुधा सावरते. न थांबविल्यास दाह आणि अखेर सिरोसिस, म्हणजे यकृताचे कठीण व्रणांत रूपांतर, हा पुढचा मार्ग असतो. आणि तेथून मागे फिरणे दुरापास्त होते.

आता थोडे अंकगणित करू. तीस मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये असे सहा पेग भरतात. बियर म्हणजे सरबतच, असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु आठ टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटर बियरमध्ये चार लहान पेगांइतका मद्यार्क असतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढी आहे. साठ किलोचा माणूस उपाशीपोटी एकच मोठा पेग घेऊन ती ओलांडू शकतो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातील पातळी आणखी वर जाते. रात्री अकराला संपविलेली क्वार्टर रक्तातून पुरती जाईपर्यंत दुसऱ्या दिवशीचे आठ-नऊ वाजतात. ‘रात्रीची केव्हाच उतरली’ असे म्हणत सकाळी सहाला गाडी काढणारा चालक म्हणूनच स्वतःला फसवीत असतो. आणि रस्त्यावरच्या निरपराध माणसांनाही.

हे केवळ पुस्तकी गणित नव्हे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. चालविणारा मुलगा अल्पवयीन होता व तो मद्य पिऊन आला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. जामिनाच्या अटींत त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यात आले, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोपही पुढे झाला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. परंतु पंचविशीच्या अटीचा कायदा कागदावर असूनही मद्यालयाच्या दारात वय विचारण्याची पद्धत किती क्षीण आहे, हे पाहण्यास निकालाची वाट पाहावयास नको.

मग संपूर्ण बंदी हाच उपाय काय? या प्रश्नावर महाराष्ट्राचा अनुभव संमिश्र आहे. गडचिरोलीत १९९३ पासून लोकचळवळीच्या बळावर बंदी उभी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. अवैध मद्याचा सुळसुळाट हे कारण त्यासाठी देण्यात आले. दुसरीकडे, जेथे बंदी नाही त्या मुंबईत, मालवणीत, जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते, ते प्रथम दृष्टी हिरावते आणि मग प्राण. तेथे मेले ते स्वस्त पिशवीवर दिवसाचा शीण उतरविणारे गरीब. तेव्हा बंदी हे सर्वरोगहारी औषध नव्हे आणि खुली विक्रीही सुरक्षिततेची हमी नव्हे, एवढे मान्य करावे लागते.

या दोहोंमध्ये ‘जबाबदारीने प्या’ हा सल्ला उभा असतो. तो चुकीचा आहे असे नाही. परंतु मद्य विकणाऱ्याच्या तोंडी तो आला म्हणजे जबाबदारीचे सारे ओझे पेला धरणाऱ्याच्या माथी जाते आणि पेला भरणारा मोकळा राहतो. शासनाचे तरी काय? घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यबंदीचे ध्येय राज्यापुढे ठेवले. राज्याने मात्र जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्क वाढवून सुमारे १४ हजार कोटींच्या जादा महसुलाचा अंदाज मांडला. मद्य महागले म्हणजे पिणे काहीसे कमी होते, म्हणून शुल्कवाढीला आमचा विरोध नाही. मात्र ज्या पैशावर तिजोरी भरते, त्यातील ठराविक वाटा व्यसनमुक्तीवर खर्च व्हावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येईल काय?

कारण व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आले आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर झटके, भ्रम, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. शपथा घालणाऱ्या नातलगांना हे ठाऊक नसते. अशा माणसाला डॉक्टरांची देखरेख हवी, आणि ती तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात मिळावयास हवी.

बाटलीवर वैधानिक इशारा आणि मद्यार्काची टक्केवारी असते. पण टक्केवारीवरून पेग मोजणारे किती? बाटलीत किती लहान पेगांचा मद्यार्क आहे, हे ठळक मराठीत छापणे सक्तीचे करावे. वयाची तपासणी न करणाऱ्याचा परवाना जावा. ‘एकच प्याला’तील सुधाकराची कथा शंभर वर्षांपूर्वी रंगभूमीवर आली, तो एक प्याला किती भरतो, हे तरी निदान आज पिणाऱ्याला कळू द्यावे. आणि परवान्यावरील ‘प्रकृती’ हा शब्द आता काढून टाकावा. जनतेशी खरे बोलण्याची सुरुवात तेथून करता येईल.