इंजिन तेल : डब्यावरील आकड्यांचा अर्थ

मोटार घेताना किंमत, सरासरी आणि रंग यांवर घरात आठवडाभर खल चालतो; इंजिनात कोणते तेल पडावे हा निर्णय मात्र बहुधा गॅरेजवाल्यावर सोडून दिला जातो. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या पेढीवरही सर्व्हिसच्या बिलात केवळ ‘ऑइल’ एवढेच लिहिलेले आढळते.

डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ या खुणेत दोन स्वतंत्र गोष्टी सांगितलेल्या असतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानातील दाटपणा दर्शवितो : ‘३०’ श्रेणीत तो ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, तर ‘४०’ श्रेणीत १२.५ ते १६.३.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पहिल्या आकड्याचे काय प्रयोजन, अशी शंका घेतली जाते. ती अर्धीच खरी आहे. पौषातील पहाटे गाडी सुरू होते तेव्हा तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचेतो जो क्षण जातो, त्यातच झीज होते. पातळ तेल तो क्षण कमी करते.

‘उन्हाळा कडक, म्हणून तेल दाट घाला’ हा सल्लाही सरसकट मानण्याजोगा नाही. विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला तरी थर्मोस्टॅट आणि कूलंट इंजिनाचे तापमान बरेचसे आवरून धरतात. नव्या इंजिनांतील फटी अरुंद, तेलवाहिन्या बारीक. काहींत झडपांची वेळही तेलाच्या दाबावरच बदलते. ०डब्ल्यू-२० साठी घडविलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतले, तर इंधन अधिक जळते आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो तो निराळाच. उलट १५डब्ल्यू-४० मागणाऱ्या जुन्या इंजिनात फार पातळ तेल घातल्यास बेअरिंगवरील तेलाचा थर टिकत नाही. तेल जाळणाऱ्या जुन्या गाडीत, पुस्तिकेने मुभा दिली असेल तर, एक श्रेणी दाट तेल चालते; परंतु त्याने झिजलेल्या रिंगा दुरुस्त होत नाहीत, खर्च फक्त पुढे ढकलला जातो.

डिझेल गाडीत आणखी एक अट आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे अनेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर आला. तेथे दाटपणा बरोबर असूनही तेल कमी राखेचे नसेल, तर राख साचून हा महागडा फिल्टर तुंबतो.

घर ते दुकान एवढ्याच दोन किलोमीटरांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तेल पुरते तापतच नाही. ओलावा आणि न जळलेले इंधन त्यात मिसळत राहते. अशा गाडीचे तेल किलोमीटर भरण्याची वाट न पाहता पुस्तिकेतील महिन्यांच्या मुदतीप्रमाणे बदलावे. सीलबंद डबा डोळ्यांदेखत उघडून घ्यावा आणि बिलावर श्रेणी पूर्ण लिहवून घ्यावी.