सोवळ्याचा वारसा

परवा लातूर-नांदेड एसटीत एका पोराच्या हातून पाण्याची बाटली सांडली आणि बापाचा हात वर गेला. शेजारी बसलेले पोराचे आजोबा हळूच म्हणाले, “मीबी तुला असंच हाणायचो.” बापाचा हात तसाच खाली आला. बाटलीतलं उरलेलं पाणी मग तिघांनी वाटून प्यायलं. वारशाने आलेला जाच असा कुणी थांबवला, की मला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आठवतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की त्यापायी सारं घर जाचलं. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई तेच सोवळं उराशी धरून वेगळ्या राहिल्या. पुढे त्यांना उमगलं, की माणसामाणसांतला विटाळ देवाने केलेला नाही. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला आणि ज्या घरात शिवाशिव चालली असती, तिथे अनाथ पोरं पोटच्यासारखी वाढली. माझं मत स्पष्ट आहे: शेत-वाडा वारसाने घ्यावा, जाच घेऊ नये. प्रभूची क्षमा खरी मानणाऱ्याने तरी घरात उगारलेला हात आपल्याच पिढीत खाली आणावा.